नाना, रिसीव्हर माझ्याकडे होता

तीर्थरूप नाना,

शिरसाष्टांग नमस्कार. मायना बरोबर आहे ना? तुम्हीच शिकवलेला. चौथीत 'वडिलांना पत्र' लिहायला सांगितलं होतं तेव्हा मी 'प्रिय मित्र नाना' असं लिहिलं, आणि तुम्ही घरचे-दारचे न बघता भर वर्गात माझा कान पिळला होता. त्यानंतर तुम्हाला पत्र असं आजच लिहितोय. मधली सगळी वर्षं फोनवर भागलं. आणि फोनवर मी तुमच्याशी कसा बोललो, त्याचीच लाज घेऊन बसलोय.

परवा तुमची गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं. काल पाहुणे गेले, मंडप सुटला. ऑफिसचं काम साचलं होतं, म्हणून सकाळी लॅपटॉप बॅगेतून काढला आणि तुमच्या टेबलावर मांडला. शेजारी तुमचा वायरलेस कीबोर्ड होता, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याखाली झाकलेला. म्हटलं पुसून ठेवू. फडका फिरवला मात्र, माझ्या लॅपटॉपवर अक्षरं पळत सुटली!

मी हात मागे घेतला, अक्षरं थांबली. एक बटण दाबलं, एक अक्षर आलं. नाना, तुमचा कीबोर्ड, आणि अक्षरं माझ्या लॅपटॉपवर कशी? लॅपटॉप उचलून कडेला बघितलं. तो तिथे बसला होता, नखाएवढा, काळा. तुमच्या कीबोर्डचा रिसीव्हर. तीन महिने माझ्याकडे, सुरतेत!

आता सगळं पहिल्यापासून सांगतो. तुम्ही म्हणायचात ना, चूक कबूल करायची तर अर्धी करू नये.

अक्षय्य तृतीयेच्या सुट्टीत, आखाजीला, मी हा कीबोर्ड-माउसचा सेट घेऊन आलो होतो. जुन्या कीबोर्डची वायर टेबलावरून लोंबायची, तुमचा थरथरता हात तिच्यात अडकायचा, दोनदा चहाचा कप लवंडला होता. माझा हेतू वाईट नव्हता, एवढं तरी मानाल ना? तुम्ही मात्र जुना सोडायला तयार नव्हतात. "ऱ्हाऊ दे त्याले माळावर. कामे ई." असं म्हणालात. मी ऐकलं का? दारात भंगारवाला आला होता, त्याला देऊन टाकला. तो रस्त्याला लागेपर्यंत तुम्ही त्याच्याकडे बघत उभे होतात.

मग मी नवा जोडला. मराठी अक्षरांची स्टिकरं चिकटवली. तुम्ही त्याला उलटापालटा करून बघितलं आणि विचारलं, "वायर नही शे, मंग अक्षर जास कथाईन?"

मी हसलो. "कुठून म्हणजे? हवेतून, नाना! हवेतून!" असं म्हणालो. आई पण हसली. तुम्हीही हसलात, पण तुमची नजर अजून शोधत होती, ते मला दिसलं होतं. नाना, चाळीस वर्षं शाळेत शिकवलंत, एकाही पोराच्या प्रश्नाला तुम्ही हसला नाहीत. 'गाय रात्री कुठल्या भाषेत स्वप्न बघते' या प्रश्नालाही नाही. आणि तुमच्या एका प्रश्नाला मी हसलो. कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागे वाकून बोट दाखवून 'हे बघा, याच्यातून जातं' एवढंच म्हणायचं होतं. पाच सेकंदांचं काम होतं हो!

त्यानंतर तुम्ही रमलात. कीबोर्डला पाटी म्हणायला लागलात. मला वाटायचं, नाना टाइमपास करतात. रोज सकाळी अंघोळ झाली की पाटीसमोर बसतात, असं आई सांगायची. एका बोटाने अर्धा तास, पाऊण तास. काय लिहिता, असं मी एकदाही विचारलं नाही.

मग श्रावणात कानबाई देवीच्या प्रसादाचे रोट आले. सगळे भाऊबंद कोरीटला आपल्या घरी जमले, घरात पाय ठेवायला जागा नाही. त्या गडबडीत ऑफिसचा फोन आला, कापडाचं एक डिझाइन लगेच बदलून हवं होतं. माझ्या लॅपटॉपचा टचपॅड बिघडलेला. मी तुमचा माउस उचलला, रिसीव्हर उपटून माझ्या लॅपटॉपला लावला आणि ओट्यावर बसून काम उरकलं. माउस परत टेबलावर ठेवला. रिसीव्हर काढायचा राहिला. कीबोर्ड आणि माउस दोन्ही त्या एकाच रिसीव्हरवर चालतात, हे घरात फक्त मलाच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी निघताना तुम्ही माझ्या बॅगेत हात घालून बघितलंत. दर वर्षी बघायचात. रोट भाऊबंदांबाहेर जात नाही, उरला तर घरातच संपवायचा, तुकडासुद्धा परगावी न्यायचा नाही. "काही लई तं नही जाई ऱ्हायना ना रे?" असं विचारलंत. "काही नेत नाही नाना, बघा ना," असं म्हणालो मी. लॅपटॉप त्याच बॅगेत होता. तुमचा हात त्याच्यावरून फिरला आणि बाहेर आला.

आठवड्याने तुमचा फोन आला. "संजू, पाटी चाली नही ऱ्हायनी."

"सेल संपले असतील. पेन्सिल सेल टाका दोन."

तुम्ही टाकले. पुन्हा फोन. मी म्हणालो, गावातले सेल डुप्लिकेट असतात, नंदुरबारहून आणा. एसटीने नंदुरबारला गेलात, तो हात खिशात दाबून. आणलेत, टाकलेत. तरी नाही. तेव्हा तुम्ही मला काय सांगितलं, आठवतंय? "त्याच सेल मी घड्याळात टाकात. घड्याळ चालस. मंग सेल खराब कशा?"

किती सरळ विचार केला होता तुम्ही! सेल चांगले आहेत, मग दोष दुसरीकडे आहे. माझ्या ऑफिसातला कोणी हे बोलला असता तर मी म्हटलं असतं, शाब्बास, आता पुढचं बघू. तुम्हाला काय म्हटलं? "घड्याळाला पॉवर कमी लागते नाना, तुम्हाला त्यातलं कळत नाही." समोर माणसं होती, मी कॉलवरून उठून आलो होतो, वगैरे वगैरे. कारणं आहेत माझ्याकडे. लाज वाटते ती सांगायलाही.

आणि त्याच फोनवर शेवटी मी ओरडलोच. "जमत नसेल तर हात लावू नका त्याला! दिवाळीत येऊन बघतो."

तुम्ही म्हणालात, "बरं. तुले येळ भेटी तवय देखजो." पुन्हा कधी पाटीचं नाव काढलं नाहीत. आणि दिवाळीत मी सासुरवाडीला गेलो, हे काय तुम्हाला वेगळं सांगू? दिवाळीनंतरच्या आठवड्यात तुम्ही झोपेतच गेलात.

मघाशी आईला विचारलं तर म्हणाली, "तुन्हा नाना तरी बी रोज सकाय तठे बठेत. बटन दाबी देखेत. मंग फडका झाकी उठी जायेत." तीन महिने, रोज! नाना, एकदा तरी मला शिव्या घालायच्या होत्या ना! 'गाढवा, पहिल्या गाडीने ये' म्हणायचं होतं! वर्गात कान पिळणारा माणूस माझ्यापुढेच इतका गरीब कसा झाला?

तुमच्या ड्रॉवरमध्ये सेलच्या सहा जोड्या निघाल्या. प्रत्येक जोडी कागदात गुंडाळलेली, वर पेनाने 'नवे' लिहिलेलं. ते 'नवे' बघवत नाही. ज्या अक्षरासाठी गावातल्या लग्नाच्या भांड्यांवर नावं घालायला लोक तुमच्याकडेच यायचे, त्या अक्षराचा काय गुंता झाला होता! म्हणून तर तुम्हाला पाटी हवी होती. यंत्राचं अक्षर थरथरत नाही, असं आईला म्हणाला होतात म्हणे.

रिसीव्हर मी तुमच्या कॉम्प्युटरला परत लावला. पाटी लगेच चालू झाली. सेल नवेच होते, तुम्ही शेवटी टाकलेले.

स्क्रीनवर एकच फाइल होती. नाव 'शोभा'.

नाना, तुम्ही ताईला पत्र लिहीत होतात!

मला कुठे माहीत होतं? अकरा वर्षं तुम्ही घरात तिचं नाव घेऊ दिलं नाहीत. नवापूरकडच्या ख्रिस्ती घरात तिने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं आणि जावयाला घेऊन पाया पडायला आली, तेव्हा दारात उभं राहून तुम्ही म्हणालात, माझा उंबरा ओलांडायचा नाही, तू मला मेलीस. मी ओट्यावर होतो, एक शब्द बोललो नाही. पुढे तिला चोरून फोन करत राहिलो आणि त्यालाच मोठेपणा समजलो. तुम्ही मला एकदा सांगायचं होतं, शोभाला निरोप द्यायचा आहे! मी धावत गेलो असतो. पण कसे सांगाल? तीनदा फोन केलात, तीनदा मी उडवून लावलं.

पत्र आखाजीला सुरू केलंय तुम्ही, सगळ्यांच्या लेकी माहेरी आलेल्या असताना. आधी दिवसाला एखादी ओळ, पुढे बहुतेक लिहीत आणि पुसतच बसलात. शेवटचं सेव्ह केलंय रोटांच्या आदल्या दिवशी. इथे उतरवतो, तुमचंच आहे:

'चि. शोभास अनेक आशीर्वाद. माझा हात आता थरथरतो, म्हणून यंत्रावर लिहीत आहे. अक्षर माझे नाही, पण मजकूर माझा समजावा. समोरासमोर किंवा फोनवर मला बोलता येणार नाही. गल्लीत सगळ्यांच्या पोरी आल्या आहेत. लिंबाला झोका बांधला आहे, आवाज ऐकू येतो. तुझी आई काही बोलत नाही, पण पुरणपोळी करताना एक जास्तीची करते. त्या दिवशी उंबऱ्यात उभा राहून मी जे बोललो ते'

बस. इथे संपतं. पुढे काहीच नाही.

नाना, 'ते' काय? ते चुकलं? ते विसरून जा? की ते खरंच होतं, पण तरी ये? सकाळपासून मी हे वाक्य शंभर वेळा मनात पुरं केलं असेल. तुम्ही रोज सकाळी त्या एका वाक्यासाठी बसत होतात, बटण दाबून बघत होतात, आणि ते वाक्य निघायची वाट मी सुरतेला खुपसून ठेवली होती.

तुम्ही गेलात त्या दिवशी ताई आली होती. नर्सची ड्यूटी टाकून, त्याच कपड्यांत. तुम्हाला अंगणात आणेपर्यंत तुमचं तोंड बघायला बाहेर उभी राहिली. आईने हात धरून ओढलं, आत ये म्हणून. ती उंबऱ्याशी येऊन थांबली. "नानासनी नही म्हटलं शे," एवढंच म्हणाली, आणि तुम्हाला नेल्यावर तशीच परत गेली. तुमचा शब्द तिने पाळला, नाना! तुम्हाला जो मागे घ्यायचा होता, तोच.

आता मी काय करणार आहे ते ऐका. हे वाक्य मी पुरं करणार नाही. मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. 'ते चुकले, माफ कर' एवढे चार शब्द टाकले असते तर ताईचं समाधान झालं असतं आणि मीही सुटलो असतो. बोटं पाटीवर ठेवलीही होती. मग तुमचा फडका परत झाकला आणि उठलो.

उद्या सकाळच्या एसटीने नवापूरला जातोय. पत्राची छापील प्रत काढून नेतोय, जिथे तुटलंय तिथेच तुटलेली. सोबत रिसीव्हर नेतोय आणि तुमच्या सेलच्या सहा जोड्याही. ताई विचारेल, नानांना पुढे काय लिहायचं होतं? मी सांगेन, माहीत नाही. का माहीत नाही, तेही सांगेन, भंगारवाल्यापासून 'हात लावू नका'पर्यंत, एकही शब्द न गाळता. मग तिने मला दाराबाहेर काढलं तरी मी बाहेर उभा राहीन. तिला अकरा वर्षांची सवय आहे, मला एक दिवस जड जायला नको.

आणि येत्या आखाजीला लिंबाला झोका मी बांधणार. ताईला, जावयाला आणायला मी जाणार. ती उंबऱ्याशी थांबेल तेव्हा तुमचं पत्र तिच्या हातात असेल. पाय आत टाकायचा की नाही, ते ती ठरवेल. मी तिला ओढणार नाही. आई एक पुरणपोळी जास्तीची करेलच.

अक्षर जास कथाईन, असं विचारलं होतं ना तुम्ही? उशीर झाला, नाना, पण उत्तर देतो. अक्षरं त्या नखाएवढ्या रिसीव्हरमधून जातात. तो माझ्याकडे होता.

तुमचाच,
कान पुढे करून उभा असलेला
संजू