सालादोचा नऊ नंबर

सान्ता फे,
६ मार्च १९७२

ती. नेलीताईस,
डेल्मोचा शि. सा. न. वि. वि.

कमिटीने अखेर मान डोलावली. दादा आपल्या सालादो फुटबॉल क्लबचा मॅनेजर होणार! इक्वेडोरमध्ये त्याला हंगामाच्या मध्येच काढलं, म्हणून अध्यक्ष नाक मुरडत होते. मी म्हटलं, अल्सीदेस युरोपात खेळून आलेला माणूस आहे. त्याला आणत नसाल तर माझा नऊ नंबरचा शर्टही परत घ्या. मग ऐकलं. ताई, इतकी वर्षं मी याच क्लबात घासतोय, पहिल्या डिव्हिजनचं तोंड काही पाहिलं नाही. यंदा दोघं भाऊ मिळून पाहू.

दादाचे केस पार गेलेत. गाडीतून टोपी घालूनच उतरला. मी हसलो तर म्हणाला, आधी तुझं पोट बघ.

माझ्या गुडघ्यात परत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी काढलं. हे त्याला कळवू नकोस.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा,
डेल्मो


सान्ता फे,
२० ऑगस्ट १९७२

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. आम्ही गुणतालिकेत दुसरे आहोत. घरमालकीण पहिल्यांदाच माझ्याशी हसून बोलली.

डेल्मोबद्दल लिहायचं टाळत होतो. तो गुडघा लपवतो. मला पहिल्याच सरावात कळलं. लोक अजून त्याच्या नावाने ओरडतात. तो जीव खाऊन पळतो आणि चेंडू त्याच्या पुढून निघून जातो. कोर्दोबाहून आलेला सोसा राखीव बसून आहे. तो आता डेल्मोपेक्षा चांगला आहे. सगळ्यांना दिसतंय, पण बोलणार कोण? मॅनेजरचा भाऊ ना!

काल डेल्मो माझ्याकडे आला होता. एकाच भांड्यातून मातेचा कडू चहा प्यायलो. म्हणाला, वरच्या डिव्हिजनमध्ये एक सामना खेळेन आणि मग बूट काढेन. मी मान हलवली. ताई, मी का मान हलवली?

माया असू दे.
तुझा,
अल्सीदेस


सुन्चालेस,
२७ नोव्हेंबर १९७२

चि. अल्सीदेसला,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारचा सामना जिंकलात तर वर जाल, असं रेडिओवर सांगत होते. तू डेल्मोला बाहेर बसवणार, हे तू लिहिलेलं नाहीस. पण तुझी पत्रं मी लहानपणापासून वाचतेय.

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा तू इटलीत होतास. पार्सलं पाठवायचास, तो राखाडी कोट छानच होता. त्याच वर्षी डेल्मोला राजधानीतल्या मोठ्या क्लबाचं बोलावणं आलं. तो गेला नाही. सकाळी बाबांना आंघोळ घालायचा आणि मग सरावाला पळायचा. बाबा मात्र आल्यागेल्याला तुझंच कौतुक सांगायचे. हे तुला कोणी सांगितलं नाही, कारण डेल्मोने सांगू दिलं नाही.

मला खेळातलं काही कळत नाही. शेवटची पाच मिनिटं तरी खेळव त्याला. हरलात तर हरलात.

नाताळला दोघंही या.
तुझी,
ताई


सान्ता फे,
५ डिसेंबर १९७२

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही जिंकलो. तुला कळलंच असेल.

शनिवारी डेल्मोच्या घरी गेलो. तो अंगणात निखारे करत होता, माझ्यासाठी मांस आणून ठेवलं होतं. मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्याने विचारलं, सोसा का? मी हो म्हणालो. पोरगा चांगला आहे, म्हणाला. मग म्हणाला, बस, जेवून जा. मी बसलो. तोच आग्रहाने वाढत राहिला.

तुझी पाच मिनिटं मी विसरलो नव्हतो. रविवारी शेवटच्या मिनिटांत एक-एक अशी बरोबरी होती. डेल्मो बाकावरून उठला, अंग मोकळं करू लागला. सारं मैदान त्याच्या नावाने दणाणलं. मी त्याला हाताने खूण केली, खाली बस. सगळ्यांदेखत. थोड्या वेळाने सोसाने गोल केला.

लोकांनी मला खांद्यावर घेतलं. वरून मी त्याला शोधत होतो. सोसाला मिठी मारून तो मागच्या दाराने गेला म्हणे. तेव्हापासून दार उघडत नाही.

सगळे म्हणतात, मी योग्य तेच केलं. तू काय म्हणतेस? दोन ओळी तरी लिही.
तुझा,
अल्सीदेस


रेकोन्किस्ता,
२ जानेवारी १९७३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू नाताळला एकटाच गेलास आणि धड जेवला नाहीस, असं ताईने कळवलं. ती तुझ्याशी बोलली नाही, तेही कळलं. तिला मी समजावेन.

मला इथे कापसाच्या गिरणीत काम मिळालंय. बसून करायचं आहे, गुडघ्याला बरं. इथे मला कोणी ओळखत नाही. तेही बरं.

सोसाच्या जागी मी स्वतःला पुन्हा पुन्हा ठेवून बघतो. तो चेंडू मला मिळाला नसता. कितीही वेळा बघितलं तरी मिळत नाही. तू बरोबर होतास, दादा.

तू चुकला असतास तर मी तुझ्या दारात येऊन चार शिव्या घातल्या असत्या, तूही घातल्या असत्यास, आणि ताईने दोघांना ओरडून जेवायला बसवलं असतं. बरोबर असलेल्या माणसाशी भांडायचं कसं, ते मला येत नाही. आणि भांडल्याशिवाय तुझ्यासमोर बसायचं कसं, तेही येत नाही.

म्हणून इतक्यात येऊ नकोस. लोभ आटलेला नाही, एवढं मात्र धरून चाल.

तुझा धाकटा,
डेल्मो