नातीला सासूबाईंचं नाव

१८ नोव्हेंबर
सकाळी पोथीचा अध्याय झाला. कापूस वेचणीला बाया आल्या नाहीत, हे एकटेच शेतावर गेले. दुपारी उमरखेडच्या माहेराहून सुनेचा, मेघाचा फोन. बाळंतिणीचा आवाज आता बरा वाटतो. पोरगी सात दिवसांची झाली. मग म्हणाली, "आई, नाव ठरलं आमचं. विनयचंही तेच म्हणणं आहे. तुम्ही काय म्हणता?" (नवऱ्याचं नाव सरळ घेते. तिचं तिला.)
पोरीचं नाव ऐकून मी "बरं" म्हटलं, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. कुकर लावलाच नव्हता. देवा, क्षमा.
नाव सासूबाईंचं आहे. अरुणावती. लिहायला हरकत नाही. तोंडाने एकतीस वर्षांत एकदाही घेतलेलं नाही.

१९ नोव्हेंबर
लग्नाच्या दिवशी आईने सांगितलं होतं, नवऱ्याचं आणि सासूचं नाव तोंडात आणायचं नाही. पाळलं. नदीचंही तेच नाव, म्हणून दिग्रसात राहून नदीलाही मी "आपली नदी" म्हणते. सा.बां.च्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यातल्या पोरीने पेशंटचं नाव विचारलं. तिच्याच पेनने लिहून दिलं. म्हणाली, "काकू, बोलता नाही येत काय?" म्हटलं, "येते वं. हेच येत नाही."
आता नातीला हाक कशी मारायची?

२३ नोव्हेंबर
विनू यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या कंपनीतून दोन दिवस सुट्टीवर आलाय. मेथीचे पराठे केले. म्हणतो, मेघाने मोबाईलवर पोरींची नावं धुंडाळली. जिकडे तिकडे त्याच त्याच दहा-पंधरा नावांची गर्दी. हे नाव टाकलं तर नदी आणि धरण दिसते, पोरगी एकही नाही. "म्हणून त ठेवतो, आई. शाळेत दुसरी नाही निघणार." अर्थही सांगितला. अरुण म्हणजे सूर्य निघायच्या आधीचा तांबडा उजेड. तो जिच्याजवळ आहे ती.
मला भांडी घासताना सुचलं ते असं. माझ्या दहावीच्या वर्गात गंगा दोन, यमुना एक, गोदावरी एक. मावशी नर्मदा. आपल्याकडच्या नदीचं नाव कोणालाच नाही. दूरच्या नदीचं पुण्य मोठं. जिच्यात म्हशी धुवायच्या तिचं नाव पोरीला कोण देईल? सा.बां.च्या वडिलांनी मात्र दिलं. का दिलं ते मी कधी विचारलं नाही. विचारायचं तर नाव घ्यावं लागलं असतं.

२ डिसेंबर
ह्यांनी आज सा.बां.ना सांगितलं. त्या वाती वळत होत्या. हात थांबला.
"माह्यं नाव? त्या लेकराले? कायले?"
मग आपणच सांगत बसल्या. "माह्या मायले कळा लागल्या तवा नदीले पूर. सुईण त्या काठाले. इकडून लोकं हाका मारून राह्यले, ते तिकडून हात हालवून राह्यली. पूर उतरल्यावर आली, त मी दोन दिवसांची झालती. बाप म्हणे, इचं बाळंतपण नदीनंच केलं. नाव तिचंच."
वडील होते तोवर पुऱ्या नावाने हाक मारत. लग्नानंतर सासरे "अवो" म्हणायचे, पोरं "माय", गाव "मोठीबाई". "मंग कोणं घेतलंच नाही." हसतच सांगत होत्या.
ठेवा म्हणाल्या नाहीत, नका ठेवू असंही नाही.

९ डिसेंबर
एकादशी. भगर केली. सुशीलाताई, ह्यांच्या बहीण, तणतणत आल्या. "माय जिती हाय अन् तिचं नाव लेकराले देता? जित्या माणसाचं आयुष्य कमी होते म्हणतात. काहून घाई झाली तुमाले?"
खरं लिहिते. मला बरं वाटलं. नाव टळलं तर माझीही सुटका. उठून चहा टाकला.
सा.बा. खाटेवरून म्हणाल्या, "चौऱ्यांशी झाले, सुशीले. आता कमी होऊन होऊन किती होईन?"
ताईंना ठसकाच लागला. पण पटलं नाही. संध्याकाळी देवापुढे बसले तेव्हा दुपारच्या त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

१४ डिसेंबर
आज दुपारी सा.बां.नी एकदम विचारलं, "माह्या सासूचं नाव काय व्हतं, तुले माईत हाय?"
मला कुठून असणार. त्या जाऊन बसल्या होत्या देवाघरी माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी.
"मलेबी नाही आठवून राह्यलं. सकाळपासून पाहून राह्यलो. कधी तोंडातून काढलंच नाही. लिहिता त येत नव्हतं."
ह्यांना विचारलं. "आम्ही आजी म्हणत होतो." सुशीलाताईंना फोन लावला. त्याही आजीच. सातबाऱ्यावर पुरुषांची नावं. पितृपक्षात हे आजोबांचं नाव सांगतात, आजीला "त्यांची पत्नी" म्हणून पाणी सुटते. मी दरवर्षी पान वाढते. कोणाला वाढते ते या घरात कोणालाच सांगता येत नाही.
सा.बा. जेवल्या नाहीत नीट. झोपायच्या आधी ह्यांना म्हणाल्या, "ठेवा म्हणा पोरीले. अन् पुरं ठेवा."

२१ डिसेंबर
सव्वा महिना झाला, पोरगी घरी आली. बारसं झालं. पाळणा शेजारचा, फुलं घरची, शिरा पुरून उरला. विनूला बहीण नाही, म्हणून त्याच्या आत्याने, सुशीलाताईंनीच कानात नाव सांगितलं. आधी पदर डोळ्याला लावला, मग सांगितलं.
पाचजणींनी नाव घेत पाळण्यावरून-खालून पोरगी एकमेकींकडे द्यायची. माझ्या पाळीला "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" एवढंच मोठ्याने म्हटलं. पुढे नुसते ओठ हलवले. बायांच्या गलक्यात कोणाला कळलं नाही.
मेघाला कळलं. माझ्याकडेच पाहत होती.

२२ डिसेंबर
पाहुणे गेले. दिवसभर घरात पोरीच्या नावाने हाका. आणि दर हाकेला सा.बा. खाटेवरून "ओ" देऊन राहिल्या. विनू हसून हसून बेजार. चौथ्या वेळेस त्याही हसल्या. पण "ओ" थांबलं नाही.

१६ जानेवारी
मी बाई म्हणते, छकुली म्हणते, कधी नुसतं "ए". मेघाच्या माहेरचे "अरू" म्हणतात. मला वाटलं, हा मार्ग बरा. अर्ध्या नावाला काय दोष. सा.बां.नी ऐकलं. "अरू कोण? अर्धी कुठी पुरून आले काय तिले?" मग कोणीच म्हटलं नाही.

२७ फेब्रुवारी
दाळ निवडताना मेघा म्हणाली, "आई, तुम्हाला नाव आवडलं नाही ना?"
"आवडते."
"मग घेत का नाही?"
म्हटलं, "आवडते म्हणूनच." तिला ते उत्तर वाटलं नाही. मलाही सांगता आलं नाही. ज्या नावाचा एवढी वर्षं आब राखला ते उठल्या-बसल्या, लंगोट बदलताना कसं घ्यावं? दूध सांडलं की ओरडताना कसं घ्यावं? मेघा उठून गेली. दाळीत खडे निघाले नाहीत तरी मी अर्धा तास निवडत बसले.

९ मार्च
आज सा.बां.ना विचारलंच. "तुम्हाला राग येईल का, मी घेतलं तर?"
"मी कधी म्हटलं तुले, घेऊ नको म्हणून?"
आठवून पाहिलं. खरंच, कधीच नाही म्हणाल्या. एकतीस वर्षांत एकदाही नाही. घे असंही नाही म्हणाल्या.
"मीबी तशीच राह्यली व्हती माह्या सासूसमोर," म्हणाल्या. "चांगली सून म्हणत मले."

५ एप्रिल
पोरीला आता नाव कळते. मेघाने हाक मारली की वळते. विनू फोनमधून मारतो तरी वळते. ह्यांनी मारली, वळली. मी दहा वेळा छकुली म्हटलं, पंख्याकडे पाहत राहिली.
मेघाची नोकरीतली रजा संपली. पुढच्या आठवड्यात पोरीला घेऊन यवतमाळला विनूकडे जाणार. मग फोनवरच भेट.

१२ एप्रिल
हे शेतात. मेघा बाजारात. घरी आम्ही तिघी. परवाची त्यांची गाडी.
सा.बा. म्हणाल्या, "मार हाक तिले."
"तुमच्यासमोर?"
"मंग काय मी मेल्यावर? तवा तुले आठवलं नाही त?"
मी पुसलेलं ताट पुन्हा पुसायला घेतलं.
"बरं, मी कान झाकतो. मले ऐकूच नाही येणार, मंग कायचा दोष?" आणि खरंच पदर डोक्यावरून ओढून दोन्ही हात कानांवर दाबले. डोळेही मिटले. का ते देव जाणे.
पाळण्याजवळ गेले. आधी देवाचं नाव घेतलं, ते आलं. मग ही वही घेऊन इथेच खाली बसले. लिहीत आहे तोवर कोणी काही म्हणणार नाही.
त्या अजून तशाच. कान झाकलेलं माणूस बोलते तशा मोठ्याने विचारून राहिल्या, "झालं काय वं? सोडू काय हात?"
"थांबा," म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही.
"सोडू काय?"
आवाजाने पोरगी जागी झाली. रडली नाही. पाळण्याच्या कडेवरून माझ्या तोंडाकडे पाहून राहिली आहे. वही ठेवते.