घरपट्टीवरची दोन नावं

४ जून

प्रिय वन्सं,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आज दातांच्या दवाखान्यातलं काम आटोपून परतताना स्टेशनरीच्या दुकानात खाकी कागदाचे रोल उभे दिसले आणि तुमच्या घरची ती दुपार आठवली. दुसऱ्या दिवशी शाळा सुरू व्हायची होती आणि आपण दोघी जमिनीवर बसून पुस्तकांना कव्हरं घालत होतो. तुझे कोपरे असे फुगायचे की आपल्या शाळेतल्या सिस्टरनी तुझं नावच फुगाबाई ठेवलं होतं. शेवटी तुझा दादा यायचा, आपल्याला बाजूला सारायचा, कोपरा तिरका कापून घडीच्या आत घडी घालायचा आणि अंगठ्याच्या नखाने दाबून टाकायचा. वर्ष संपेपर्यंत पुस्तक फाटे, कोपरा हलत नसे. फोटोफ्रेमचं दुकान त्याने पुष्कळ नंतर काढलं, पण फ्रेमवाला तो तेव्हापासूनच.

आता कामाचं. घरपट्टीचं बिल आलंय, थकबाकीसकट, अजून तुझ्या दादाच्या आणि माझ्या, दोघांच्या नावाने. दोन नावं म्हणजे अर्धं अर्धं, अशी माझी भाबडी समजूत. पालिकेतल्या कारकुनाने सांगितलं, तसं नसतं. दोघांपैकी जो सापडेल त्याने सगळं भरायचं. दिवाळं निघालं तेव्हा कोर्टाने तुझ्या दादाची देणी मिटवली, त्यामुळे त्याच्याकडे कुणी मागू शकत नाही. सापडले मी. वेगळं होताना घर मला आणि दुकानाचं कर्ज त्याला असं ठरलं होतं. घरपट्टी दोघांच्याही लक्षात आली नाही.

एक वाट आहे. इथल्या नियमाप्रमाणे घरात एकटंच माणूस असेल तर चौथा हिस्सा सूट मिळते. तो घर सोडून गेला तेव्हापासूनची सूट मिळाली, तर उरलेलं मला माझ्या पगारातून हप्त्याने झेपेल. नाही मिळाली तर घर लिलावात जाईल, असं नोटिशीत स्वच्छ लिहिलंय. म्हणून मी अर्ज केला आणि तपासनीस घर बघायला आला. दाराशी पुरुषाचे बूट, तेही पॉलिश केलेले! त्याने विचारलं, हे कोणाचे? मी म्हटलं, चोरांसाठी ठेवलेत. बिचाऱ्याने तेच वहीत टिपून घेतलं. बाईमाणूस एकटी आहे हे कळू नये म्हणून बूट बाहेर ठेव, ही तुझीच अक्कल, वन्सं! आणि धूळ बसली तर चोराला संशय येईल म्हणून दर रविवारी पॉलिश करायची अक्कल माझी.

आता ते म्हणतात, नवरा इथे राहत नाही तर कुठे राहतो तो पत्ता द्या. वकिलाकडेसुद्धा जुनाच पत्ता आहे. तुला ठाऊक असेल तर कळव. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे.

लोभ आहे, तो असाच राहू दे.
तुझी,
वहिनी

११ जून

वहिनीसाहेबांना
फुगाबाईचा साष्टांग की काय म्हणतात तो नमस्कार.

पत्र वाचून इतकी हसले की शेजारीण डोकावून गेली. चोरांसाठी! अगं, तपासनीसाला निदान भावाचे म्हणायचंस. पण तू पडलीस खरं बोलणारी. सिस्टरनी फळा कोणी पुसला विचारलं की हात वर करणारी तूच.

दादाचं म्हणशील तर तो बरा आहे, असं कळतं. काम मिळालंय, कुठल्याशा इस्पितळात भिंतींवरची चित्रं नीट लावायचं. पत्त्याचं मला नक्की सांगता येणार नाही. तू कारकुनाला पुन्हा भेट. बाईमाणूस दिसलं की ते आधी डोळे वटारतात, मग ऐकतात.

माझं तेच ते. बोटांचे सांधे धरलेत, सुईत दोरा ओवायला शेजारणीला बोलावते. तुझे भावोजी वारल्यापासून मीही एकटीच, मलाही ती सूट आहे, त्यावर माझं भागतं. पेन्शन ती केवढी! पावाच्या लादीलासुद्धा हल्ली दोनदा विचार करते.

तुझ्यासाठी स्वेटर विणला होता बोटं धरायच्या आधी, तो सोबतच्या पार्सलात आहे. बाही लांब झाली असेल तर दुमड. काळजी करू नकोस, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
फुगाबाई

१६ जून

प्रिय वन्सं,
नमस्कार वि. वि.

स्वेटर पोचला. बाही बरोबर आहे.

पार्सल मात्र अजून तसंच समोर ठेवलंय, म्हणजे त्याचा कागद. चारही कोपरे तिरके कापलेले, घडीच्या आत घडी, वर नखाची रेघ. सुईत दोरा ओवता येत नाही त्या बोटांनी हे बांधलं असं तू शपथेवर सांगितलंस तरी सिस्टर विश्वास ठेवणार नाहीत.

तो तुझ्याकडेच आहे.

रागावले नाही. म्हणजे स्वयंपाकघरात गेले, धुतलेली भांडी परत धुतली, आणि मग नाही रागावले. भाऊ बहिणीकडे जाणार नाही तर कुठे जाणार? त्याने तुला शपथ घातली असेल, आणि बहिणीच्या घरात दिवस काढतोय हे माझ्या कानावर येऊ नये, एवढा मान अजून शिल्लक असेल. तुझी अडचणही कळली. त्याचा पत्ता कागदावर आला की तुझ्या घरात दोन माणसं, आणि तुझी सूट बंद. माझं घर वाचवायचं तर तुझ्या पावाच्या लादीवर हात टाकावा लागतो.

म्हणून तुझं नाव मी कारकुनाला सांगणार नाही. लिलाव झाला तर झाला. डॉक्टरीणबाई म्हणतात, दवाखान्याच्या वरची खोली रिकामी आहे. दिवसभर दात उपटण्याचे आवाज, पण सवय होईल. मात्र तुझ्या दादाला एवढं सांग. मला नवरा परत नको, पत्ता हवा होता. तो त्याने द्यायला हवा होता. तू नाही आणि मीही नाही.

लोभात काही कमी नाही.
तुझी,
वहिनी

२३ जून

वहिनी,
नमस्कार.

पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. दादा खिडकीपाशी काच पुसत बसला होता. पुसतच राहिला, काच मेली स्वच्छच होती. मग म्हणाला की पार्सल साध्या दोरीने बांधायला हवं होतं. मी म्हटलं, दोरीने बांधलं असतंस तरी गाठ ओळखली असती तिने.

दुसऱ्या दिवशी दाढी करून, भावोजींचा कोट घालून पालिकेत गेला. तुझ्या कारकुनासमोर उभं राहून सांगितलं की मी दिवाळखोर आहे, वर्षापूर्वी घर सोडलं, बहिणीकडे राहतो, हा पत्ता, ही सही. मला बरोबर येऊ दिलं नाही, पण मी जिन्याखाली उभी होते. परत आला तेव्हा घामेजला होता आणि पाठ मात्र सरळ होती.

तुझी सूट मंजूर आहे, त्याने घर सोडलं त्या दिवसापासूनची. माझी गेली, मागचाही फरक भरायचा आहे. तो म्हणतो, पगारातून मी भरीन. बघू. सकाळचा चहा हल्ली आयता मिळतो, हेही हिशेबात धरायला हवं. शपथ पाळली म्हणून रागावू नकोस, आणि पावाच्या लादीचं लिहिलं त्याची लाज वाटते.

एवढंच. आपलं म्हणत राहा.
तुझी,
फुगाबाई

३० जून

प्रिय वन्सं,
सप्रेम नमस्कार वि. वि.

नवं बिल आलं. एकच नाव. वाचायला विचित्र वाटलं, वर्गात हजेरी घेताना आपलंच नाव एकदम पुकारल्यासारखं. हप्ते बांधून मिळाले, पहिला आज भरला. घर राहिलं.

आता वाटणी ऐक, आणि वाद घालू नकोस. मला सूट मिळाली ती तुझी जाऊन मिळाली, म्हणून तिचा अर्धा भाग दर महिन्याला तुझ्याकडे येईल. तो पावासाठी आहे, घरपट्टीसाठी नाही. तुझी घरपट्टी दादाने भरायची, तो म्हणाला आहे.

उद्या टेम्पोवाला येईल. फ्रेम कापायची करवत आणि खिळ्यांचे डबे दादाला. पोटमाळ्यावर राहिले होते, दिवाळं निघालं तेव्हा कोर्टाच्या माणसाने हत्यारं त्याची त्याला ठेवली होती, तोच न्यायला विसरला. लग्नाच्या फोटोची चौकट आणि काच त्याला, त्याने ती फार मनापासून केली होती. आतला फोटो मी पाकिटात ठेवला आहे. दारावरची जुनी पाटी तुला, पाठीमागून कोरी आहे, काहीही लिही. तुमच्या आईचं शिवणयंत्रही तुला, शेजारणीकडून दोरा ओवून घे.

बूट त्याला. पॉलिश ताजं आहे. दाराशी आता माझ्याच चपला असतात.

आणि पार्सलाचा खाकी कागद कोणालाच नाही. तो मी घडी न मोडता कपाटात ठेवला आहे.

तुमच्या दोघांची माया असू दे.
तुझी,
वहिनी