कापसाआड बसलेलं माणूस

१८ नोव्हेंबर
आज अपघाताला महिना झाला. बाबा अजून कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकापर्यंतही गेले नाहीत. बावीस वर्षं तिथे लोडर चालवला. त्या दिवशी रिव्हर्स घेत होते, तिथल्याच कामगार सुशीलाबाई कापसाच्या गंजीआड बसून चप्पल नीट करत होत्या. आरशात दिसल्या नाहीत, चाकाखाली गेल्या. हे बाबांनी पोलिसांना सांगितलं, आईला सांगितलं. मला अजून नाही.

२३ नोव्हें.
जिनिंगचे मालक घरी आले. "मॅडम, तुम्ही पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवता, काहीतरी करा ना." कॅमेरा चालणार नाही, उडणारी रुई काचेवर बसते. पार्किंगवाला सेन्सरही नाही, तो आवाजावर चालतो आणि आवाज कापूसच गिळतो. रडार मात्र कोरड्या कापसातून पार जातं आणि माणसावर आपटून परत येतं. रडारचा बोर्ड आमच्या लॅबच्या कपाटात आहे. मुलांच्या प्रोजेक्टचा.
कपाट उघडून नुसती बघत राहिले.

३० नोव्हें.
बोर्ड जिनिंगमध्ये नेला. वॉचमनला गंजीमागे चालवलं. लॅपटॉपवर ठिपका बरोबर त्याच्या जागी, वीतभरही फरक नाही. मग त्याला बसायला सांगितलं. ठिपका गेला. हलत नाही ते सामान, असं समजून प्रोग्रॅम काढून टाकतो.
त्यासुद्धा बसल्याच होत्या.
जेवले नाही.

६ डिसेंबर
आईला हेच सांगत होते. बाबा भिंतीकडे तोंड करून बसलेले, मला वाटलं ऐकत नाहीत.
"बसलेलं माणूस दिसत नाई काय त्याले?"
"श्वास घेताना छाती हलते ना बाबा, तेवढं पकडायचं आहे. कुणीतरी बराच वेळ बसायला हवं."
बाबा भिंतीकडून वळले. मग म्हणाले, "मी बसतो."
आई म्हणाली, "काऊन जिवाले त्रास करून राह्यले?"

७ डिसें., रविवार
जिनिंग बंद. सकाळीच गेलो. जागा मी दाखवली नव्हती. बाबा सरळ चालत गेले आणि त्याच ठिकाणी बसले.
ठिपका येईना. प्रोग्रॅममधले आकडे मी बदलत गेले, पुन्हा पुन्हा. तासाभराने आला. फिकट, पण आला. चार मीटर दहा सेंटिमीटर. टेपनेही तेवढंच भरलं.
"झालं बाबा, उठा."
उठले नाहीत. स्क्रीनवर छातीची रेघ संथ चालली होती, ती एकदम वेडीवाकडी उडायला लागली. आधी वाटलं, प्रोग्रॅम बिघडला. मग कळलं, बाबा रडत आहेत. मधे गंजी, आवाज काहीच नाही.
लॅपटॉप मिटला. मग गेले त्यांच्याजवळ. त्या दिवसाबद्दल पहिल्यांदा बोलले माझ्याशी. "निशा, मी हॉर्न वाजवला होता वो. बाईनं ऐकला नसंन."

१९ डिसें.
लोडरला रडार बसवून आठवडा झाला. नवा ड्रायव्हर आहे. मागे कुणी उभं असो की बसलेलं, बझर वाजतो. अजून चुकला नाही.
आज सुशीलाबाईंचे यजमान आले, नामदेवकाका. काही न बोलता गंजीमागे जाऊन बसले. बझर वाजला. बाहेर येऊन अंगावरची रुई झटकत राहिले.
"हे यंत्र आताच निघालं काय, बाई?"
हो म्हणता आलं असतं.
"नाही काका. दोन वर्षं आमच्या कपाटात होतं."
"मंग इकडं काऊन नाई आणलं?"
माझे बाबा रोज तिथेच रिव्हर्स घेत होते. मला कधी सुचलंच नाही, हे कसं सांगू? मान खाली घातली. ते निघून गेले.

२१ डिसें.
काकांचा प्रश्न बाबांना सांगितला.
"तू काय म्हणाली?"
"काहीच नाही."
शर्ट घालून आले. "चाल. मले त्याच्या घरी ने."
गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवली. मीही उतरले, तर म्हणाले, "तू इथंच राह्यजो." काका ओट्यावर होते. बाबांना पाहिलं आणि उठून आत गेले. दार लावलं नाही.
स्कूटीवर बसून हे लिहिते आहे. बाबा ओट्याखाली उभे आहेत, हात जोडलेले. आतून अजून कुणी आलं नाही. दार उघडंच आहे.