राजवळणातली पत्रिका

३ फेब्रुवारी
फॉन्ट पूर्ण झाला. चार वर्षं लागली. नाव 'राजवळण'. प्रत्येक अक्षराला शेपटी, प्रत्येक वेलांटीला दोन झोके. प्रेसमधल्या मशीनवाल्याला दाखवला. म्हणाला, छान आहे, पण लिहिलंय काय? आयुष्यभर औषधांची खोकी छापणारा माणूस. याला काय कळणार, कपाळ!

६ फेब्रुवारी
पुतणीचं लग्न ठरलं. रजिस्टर पद्धतीने, हॉलवरच. साक्षीदार म्हणून सही काकांचीच हवी, असा तिचा हट्ट. घरात अक्षर कळणारी तेवढी एकच. पत्रिका अर्थात राजवळणात. सहीचा सराव आजपासून, रोज शंभर वेळा.

७ फेब्रुवारी
सराव उद्यापासून. निब खराब आहे.

१५ फेब्रुवारी
पत्रिका जुळवली. दादाने चिठ्ठीवर दिलेला मजकूर एकेक अक्षर बघून उतरवला. वाचला नाही. वाचत बसलं की वळणं दिसत नाहीत. वाचणं हे पाहुण्यांचं काम.

१६ फेब्रुवारी
दादाने पत्रिका पाच मिनिटं उलटी धरली. मग विचारतो, हॉलचा पत्ता कुठाय? हा माझा सख्खा भाऊ! बायकोही त्याच्याच बाजूची. म्हणे, लोकरीचा गुंता वाटतो. दोघांकडे साफ दुर्लक्ष केलं आणि तीनशे प्रती छापायला टाकल्या.

२ मार्च
दादाचे रोज फोन. पाहुणे विचारताहेत म्हणे. विचारू देत. सगळे एकजात अडाणी. फोन बंद करून टाकलाय.

९ मार्च
उद्या लग्न. बायको कालच दादाकडे गेली, मदतीला. जाताना म्हणाली, वेळेवर या. मला सांगते! पत्रिका समोरच टेकवून ठेवली आहे. सकाळी अकरा. सही तयार: तीन झोके, एक गाठ. सराव एकूण चारच वेळा झाला, पण मला तेवढा पुरे.

१० मार्च, दुपारी २
पावणेअकराला हॉलवर हजर. चांगला पंधरा मिनिटं आधी. बघतो तर लोक ताटं घेऊन उभे. लग्नाआधीच तुटून पडलेत, काय ही हावरट मंडळी, असं मनात म्हणतोय तोवर दादा आला. लग्न दहाला होतं. त्याच्या चिठ्ठीतही दहाच होतं. शून्य नुसतं गोल काय ठेवायचं, म्हणून मी त्याला शेपटी दिली आणि त्याचा एक झाला. बाकी सगळ्यांना दादाने फोन करून वेळ कळवली होती. माझा फोन बंद.

पुतणी जवळ आली. चिडली असती तर बरं झालं असतं. "काका, वीस मिनिटं थांबवलं हो सगळ्यांना. पण नोंदणीच्या साहेबांना पुढचं लग्न होतं." एवढंच बोलली. मला रडू आवरेना. धूळ गेली डोळ्यात, असं सांगितलं.

दादाने दाखल्याची प्रत दाखवली. साक्षीदाराच्या रकान्यात बायकोची सही. सरळ, मोठी, शाळकरी अक्षरं. चष्मा न लावता वाचता आली.