तुमच्या वाट्याची पाच पत्रं

मुलुंड, १६ जानेवारी १९५६

तुरुंगाचे इतिहासकार, म्हणजेच आमचे यजमान, यांस नमस्कार.

तुम्ही जुनं दप्तर चाळायला पुण्याला गेलात आणि मी तुमच्या पुस्तकाचं बाड उघडलं. तुरुंगाची भिंत कोणी बांधली, कैदी काथ्या कुठे कुटत, सगळं आहे. फाटकाजवळच्या चिंचेला अख्खं पान दिलंय. मी कुठेच नाही. अहो, त्या चिंचेचा हेवा वाटला मला!

मग बेचाळीस सालावर आले. कैद्याला महिन्याला एकच पत्र धाडता येई. तुमच्या कोठडीतल्या दशरथची पत्रं शिक्षा म्हणून बंद झाली, तेव्हा पाच महिने तुम्ही आपलं पत्र त्याच्या बायकोला धाडलंत. त्याला लिहिता येईना, म्हणून मजकूरही तुमचाच. केवढा हा त्याग! इथे मी पाच महिने पोस्टमनच्या वाटेला डोळे लावून होते. सासूबाई म्हणायच्या, "विसरला गं तो तुला."

आज तडक घाटकोपरला दशरथच्या बायकोकडे, वनमालाकडे गेले. तिने पेटीतून पत्रं काढली. एकात तुमच्या अक्षरात लिहिलंय, "मीठ लावलेली कैरी खाताना तू डोळे गच्च मिटतेस, ते रोज आठवतं."

वनमाला हसून म्हणाली, "माजे तर कैरी बघूनच दात आंबतत, वयनी. पण लिवलेला किती गोड!"

वाचून परत देते म्हणून ते पत्र घेऊन आले.

परत देणार नाही. आणि हे पत्रही टपालात टाकणार नाही. बघा आता तुम्हीही वाट.

डोळे मिटून कैरी खाणारी,
उत्तरा