झोहराला जाग येईपर्यंत

दक्षिण टांझानिया
१२ एप्रिल १९९६

ती. दादा व सौ. वहिनी यांस,
मैत्रीचा सप्रेम जय भीम.

दादा, वहिनीच्या बाळंतपणाला यायचं मी कबूल केलं होतं, तू बहारीनचा व्हिसाही काढलास. पण उद्याची दारेसलामची बस मी पकडणार नाही. तार केली आहेच, कारण इथं लिहिते.

सोमवारी मसूदा नावाची बाई चार वर्षांच्या लेकीला, झोहराला, सायकलच्या कॅरियरवर बांधून आमच्या दवाखान्यात घेऊन आली. मलेरिया मेंदूत गेलाय. पोर बेशुद्ध आहे, झटके येतात, अंगात रक्त नाही. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात आणि दुसरी नर्स नूरबानो स्वतःच तापानं पडली आहे. रक्तातून पसरणारे आजार तपासायचं किट संपलंय, म्हणून गावातल्या कुणाचं घेता येईना. माझा गट जुळला, तपासणीही नुकतीच झाली होती. माझंच दिलं. आता क्विनाइनचं सलाईन चालू आहे. मी निघाले तर त्याकडे बघणारं कुणी नाही.

वहिनी, खुशाल रागव, पण अबोला धरू नकोस.

तुमची,
मैत्री

अस्कर, बहारीन
५ मे १९९६

चि. मैत्रीस,
जय भीम व आशीर्वाद.

पत्र काल मिळालं. वीस तारखेला भावनाचं ऑपरेशन झालं. मुलगी आहे. दोघी घरी आल्या.

तुझा व्हिसा संपला. शिफ्ट बदलून मी एकटा धावलो. भावना सारखी विचारायची, ताई खरंच येणार नाही का? काय सांगायचं मी तिला? सख्ख्यांपेक्षा परकी जवळची झाली, असं? वर स्वतःचं रक्त देऊन बसलीस. तिथं तू आडवी पडलीस तर कोण बघणार? भावना म्हणते असं लिहू नका. मी लिहितोय.

ती पोर कशी आहे, तेवढं कळव.

प्रबुद्ध

दक्षिण टांझानिया
२६ मे १९९६

ती. दादास,
सप्रेम जय भीम.

तुझा राग वाजवी आहे. बाळ बघायला जीव तुटतो.

झोहरानं सहाव्या दिवशी डोळे उघडले, पण तिला दिसत नव्हतं. मसूदानं मला विचारलं, नजर परत येईल का? मी म्हटलं, वाट बघावी लागेल. बरं, बघते, एवढंच म्हणाली आणि चादरी धुवायला गेली. तीन आठवड्यांनी पोरीनं आईच्या पिवळ्या कपड्याकडे मान वळवली, तेव्हा ती बाई पहिल्यांदा रडली. उजव्या हाताची मूठ मात्र अजून वळत नाही. कदाचित वळणारही नाही.

मी थांबले म्हणून सगळं सावरलं, असं समजू नकोस. त्याच आठवड्यात शेजारच्या खाटेवरचं बाळ गेलं. त्याच्या आईला मी काय सांगितलं, ते आता आठवतही नाही.

तुझी,
मैत्री

अस्कर, बहारीन
१६ जून १९९६

चि. मैत्रीस,
जय भीम व पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र शिफ्टच्या सुट्टीत वाचलं, मग घरी भावनाला वाचून दाखवलं.

एक गोष्ट तुला रागात लिहिली नव्हती. ऑपरेशनच्या वेळी भावनाचं फार रक्त गेलं. डॉक्टर धावले, दोन बाटल्या चढवल्या, तासाभरात ती बोलायला लागली. ते रक्त कुणाचं होतं, हे मी आजवर विचारलंसुद्धा नाही. काल भावनानंच विचारलं.

मागचं पत्र फाडून टाक. जेवत जा. माया आहे तशीच ठेव.

तुझा,
दादा